वीस तारखेलाच खातं रिकामं? नवीन वर्ष लागायच्या आत करायच्या तपासण्या, फुकटच्यांपासून अवघडांपर्यंत

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पगारपत्रक करते. सोळा वर्षं झाली. पगार ७ तारखेला खात्यावर पडतो आणि १८-२० तारखेपासून माझ्या टेबलासमोर उचल मागणाऱ्यांची ये-जा सुरू होते. "मॅडम, तीनच हजार. पुढच्या पगारात कापा." माणसं बदलतात, वाक्य तेच.

आधी मी अर्ज घ्यायचे, सही घ्यायचे, विषय संपला. मग एक ऑपरेटर सलग पाचव्या महिन्यात अर्ज घेऊन आला तेव्हा म्हटलं, आधी पासबुक भरून आण, मग उचलीचं बघू. त्याचं पासबुक डब्याच्या सुट्टीत शेजारी बसून वाचलं. तेव्हापासून मला हा नादच लागला. डिसेंबरात गर्दी जास्त, कारण करबचतीचे पुरावे जानेवारीत द्यायचे असतात आणि सगळ्यांना एकदम आपल्या पैशांची आठवण होते.

मी सीए नाही, गुंतवणूक सल्लागारही नाही. मला पासबुकं वाचता येतात, एवढंच. आणि इतकी वाचल्यावर एक सांगू शकते: उधळपट्टी मला फार कमी पासबुकांत सापडली. दोष बहुतेक वेळा तारखांचा असतो, नाहीतर कधीतरी सही करून विसरलेल्या कपातीचा. त्यामुळे "बाहेरचा चहा बंद करा" वगैरे उपदेश इथे मिळणार नाही. महिन्याच्या चहाचे तीनशे रुपये वाचवून काही होत नाही, जर बँक त्याच महिन्यात हजार रुपये दंड कापत असेल.

लक्षणे

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा:

- पगार झाल्यावर दहा-बारा दिवसांत खात्यात चार आकडी रक्कमही उरत नाही, आणि घरात नवीन काही आलेलंही नसतं.
- हप्ता कापला गेला नाही असा मेसेज वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा आला आहे.
- क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला भरता, तरी बाकी हलत नाही.
- जून, गणपती आणि दिवाळी, तिन्ही वेळा हातउसने घ्यावे लागतात. तेही ठरलेल्या माणसाकडून.
- एकाची उचल दुसऱ्याकडून घेऊन फेडता.
- आपली खाती किती, पॉलिसी किती, वारस म्हणून नाव कुणाचं, हे बायकोने किंवा नवऱ्याने विचारलं तर लगेच सांगता येत नाही.

शेवटचं लक्षण किरकोळ वाटेल. पुढे बघू.

तपासणी १: पासबुक भरून आणा (खर्च शून्य, वेळ एक तास)

मोबाइलवरची शिल्लक बघून काही कळत नाही. गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी हव्यात. पासबुक छापून घ्या किंवा स्टेटमेंटची प्रत काढा. कागद हातात हवा, कारण त्यावर पेनाने खुणा करायच्या आहेत.

तीन रंगांची पेनं असली तर उत्तम, नसली तर तीन खुणा. आपण स्वतः केलेल्या खर्चाला खूणच करू नका. फक्त आपोआप कापल्या गेलेल्या नोंदी शोधा. कर्जाच्या हप्त्याला गोल. विमा, पॉलिसी, मोबाइल, ओटीटी अशा दरमहा किंवा दरवर्षीच्या कपातीला चौकोन. आणि बँकेने स्वतःसाठी घेतलेल्या प्रत्येक रुपयाला फुली: एसएमएसचे पैसे, डेबिट कार्डाची वार्षिक फी, किमान शिल्लक नसल्याचा दंड, हप्ता परत गेल्याचा दंड.

आता फुल्यांची बेरीज करा. हीच तपासणी पहिली का? कारण या पैशातून तुम्हाला काहीही मिळालेलं नसतं. खर्च कमी करायचा तर कुठेतरी मन मारावं लागतं, इथे ते लागत नाही.

आमच्याकडच्या एका फिटरच्या पासबुकात वर्षभरात सात फुल्या निघाल्या, सगळ्या मोटारसायकलच्या हप्त्याच्या. हप्ता ३,८५० रुपयांचा. तो परत गेला की बँक ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० कापायची. फायनान्स कंपनी वेगळे ४५० लावायची, पण ते पासबुकात दिसत नव्हते, कर्जखात्याच्या उताऱ्यात दिसत होते. सात वेळचे बँकेचे ४,१३० आणि कंपनीचे ३,१५०, एकूण ७,२८०. म्हणजे जवळजवळ दोन हप्ते त्याने कुणालाच न फेडता भरले होते. पगार चांगला होता, दारू नव्हती, जुगार नव्हता. मग हप्ता परत का जायचा? ते पुढच्या तपासणीत.

चौकोनांबद्दल एक गोष्ट. मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपयांची कपात दिसेल. या प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजना. चांगल्या आहेत, प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण आहे, बंद करू नका. पण दोन बँकांत खाती असतील आणि दोन्हीकडे कपात होत असेल तर एक थांबवा. योजनेच्या नियमाप्रमाणे भरपाई एकदाच मिळते, दुसऱ्या खात्यातून भरलेला हप्ता वाया जातो.

मोबाइलवरच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो, तोही उघडून बघा. १५,००० रुपयांपर्यंतची दरमहाची कपात एकदा परवानगी दिल्यावर पुन्हा ओटीपी मागत नाही. कपातीच्या २४ तास आधी मेसेज येतो, पण ऑफरांच्या ढिगात तो कोण वाचतं? मुलाने "पहिला महिना १ रुपया" म्हणून घेतलेली ॲपं इथे सापडतात. तिथेच रद्द करता येतात.

तपासणी २: तारखा जुळवा (खर्च बहुधा शून्य, एक-दोन अर्ज)

मी ज्यांची पासबुकं पाहिली त्यांतल्या बऱ्याच जणांचा आजार इथेच बरा झाला.

एका कागदावर १ ते ३१ आकडे लिहा. पगाराच्या तारखेवर मोठा गोल. मग प्रत्येक आपोआप होणारी कपात तिच्या तारखेवर मांडा.

त्या फिटरचा पगार ७ तारखेला व्हायचा आणि हप्ता ५ तारखेला जायचा. एवढंच. गाडी घेतली तेव्हा तो दुसऱ्या कंपनीत होता आणि तिथे पगार १ तारखेला व्हायचा. नोकरी बदलली, हप्त्याची तारीख तशीच राहिली. म्हणजे दर महिन्याला हप्ता कापला जाताना खात्यात पगाराचे नव्हे, मागच्या महिन्याचे उरलेसुरले पैसे असायचे. ज्या महिन्यात उरले, हप्ता गेला. नाही उरले, १,०४० रुपये दंड. मग दंडामुळे पुढच्या महिन्यात आणखी कमी उरायचं. हे गाडं एकदा सुरू झालं की पगार वाढूनही थांबत नाही.

उपाय: कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला हप्त्याची तारीख बदलून मागा. लेखी. काही ठिकाणी थोडी फी लागते, बहुतेक ठिकाणी नवीन कपातपत्रावर सही करावी लागते. पगारानंतर दोन-तीन दिवसांची तारीख घ्या, अगदी दुसऱ्या दिवसाची नको. ७ तारखेला रविवार आला किंवा आमच्यासारख्या कुणाकडून फाइल बँकेत उशिरा गेली तर पंचाईत होते. हो, आमच्याकडून जाते कधीकधी.

तारीख बदलून मिळत नसेल तर हप्त्यापुरतं वेगळं खातं ठेवा आणि पगाराच्याच दिवशी पुढच्या हप्त्याचे पैसे तिकडे टाका. पैसे हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. "दुपारी भरले होते, तरी परत गेला" ही तक्रार मी पुष्कळ ऐकली. हप्त्यांची मागणी बँकेकडे सकाळीच येते, दुपारी भरून उपयोग नसतो.

पहिल्या महिन्यात मात्र या उपायाला एका हप्त्याइतके जादा पैसे लागतात. डिसेंबरात उचल घ्यायचीच असेल तर याच कामासाठी घ्या. माझ्या हातून दिलेल्या उचलींपैकी हीच उचल मला बिनघोर वाटते.

तपासणी ३: पगाराची स्लिप वाचा

सही करून खिशात घालायचा कागद नाही तो. भविष्यनिर्वाह निधी, प्रोफेशनल टॅक्स (महाराष्ट्रात महिना २००, फेब्रुवारीत ३००), जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधी, या कपाती ठरलेल्या. उरलेल्यांकडे बोट दाखवून विचारा: ही कशाची? सोसायटीचं कर्ज संपलं तरी कपात सुरू राहिल्याची चूक माझ्याच हातून एकदा झाली आहे, दोन महिने. त्या माणसाने तिसऱ्या महिन्यात स्लिप वाचली म्हणून कळलं.

याच बैठकीत भविष्यनिर्वाह निधीच्या सदस्य पोर्टलवर जा आणि ई-नामांकन झालंय का बघा. नोकरीत असताना माणूस गेला तर निधीसोबतच्या विमा योजनेतून कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. नामांकन नसेल तर तीच रक्कम मिळवायला त्या घरच्यांना किती खेटे घालावे लागतात ते मी पाहिलंय. लग्न झाल्यावर जुनं नामांकन बाद होतं, हे लक्षात ठेवा. आईचं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नवीन भरा. जुन्या कंपनीचा निधी या खात्यात वर्ग झाला नसेल तर त्याचाही अर्ज तिथूनच करा.

तपासणी ४: बारा महिन्यांचा खर्च बारा महिन्यांत वाटा

महिन्याचा हिशेब बरोबर, तरी जूनमध्ये कोसळतो, गणपतीत कोसळतो. "या वेळी जरा जास्तच खर्च आला." दर वेळी हेच? शाळा दर जूनमध्ये उघडते, गणपती दर भाद्रपदात येतात. हा अचानक आलेला खर्च नव्हे.

एका घराचा कागद समोर आहे, त्यांच्या परवानगीने आकडे देते. दोन मुलांच्या शाळेचे जूनचे पैसे १८,०००. गणपतीला गावी जाणं-येणं ७,०००. दिवाळी, बोनस सोडून, १२,०००. आरोग्य विमा १०,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ४,४००. गाडीचा विमा २,६००. बेरीज ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. त्या घरात दर महिन्याला चार-पाच हजार "उरतात" असं वाटायचं आणि ते खर्च व्हायचे. खरं तर उरत काहीच नव्हतं.

लग्नसराईचे आहेर आणि जत्रा त्यांनी धरल्याच नव्हत्या. ते तुम्ही धरा.

उपाय जुनाच आहे: आवर्ती ठेव, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापली जाणारी. जूनचा खर्च पहिल्या वर्षी पूर्ण जमणार नाही, सहाच महिने हातात आहेत. म्हणून पहिल्या वर्षी जूनपुरतीच ठेव करा, बाकीचं जुलैपासून.

भिशीचं विचारतात. ओळखीच्या दहा-बारा जणांची, महिन्याला हजार-दोन हजारांची भिशी मला वाईट वाटत नाही, माझीही आहे. फक्त नंबर लवकर लागला तर ते कर्ज आहे आणि उशिरा लागला तर बचत, हे ओळखून पैसे खर्च करा. जास्त व्याजाचं आमिष दाखवणारी, चालवणारा कोण हेच माहीत नसलेली भिशी मात्र नको.

तपासणी ५: क्रेडिट कार्डाची बाकी

इथून पुढे काम अवघड होतं, कारण यात पैसे लागतात.

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान भरलं की बँक दंड लावत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण वेळेवर फेडतोय. गणित करून बघा. बाकी ४०,०००. किमान देय ५ टक्के, म्हणजे २,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. तुम्ही भरलेल्या २,००० पैकी १,६५२ व्याज आणि कर. मुद्दल उतरलं ३४८ रुपयांनी. आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. दूध घेतलं तरी त्या दिवसापासून व्याज.

म्हणून क्रम असा. कार्ड कपाटात ठेवा, त्यावर जोडलेली सगळी ऑटोपे काढा. मग आवर्ती ठेव, सोनं, मुदत ठेव यांपैकी काही आहे का बघा. ७ टक्क्यांची ठेव जपून ठेवून ४२ टक्क्यांचं कर्ज पोसणारी माणसं कमी नाहीत. ठेव मोडायला जीव होत नाही, मला कळतं, ती मुलीच्या नावाची असते. पण मोडा. काहीच नसेल तर बँकेकडे बाकी हप्त्यांत बदलून मागा. व्याज कमी लागतं, प्रक्रिया शुल्क विचारून घ्या. कार्डावरून एटीएममधून रोख काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

"सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवतो" असा फोन आला तर घाई नको. पूर्ण न फेडता मिटवलेल्या खात्याची तशी नोंद पतअहवालात (तुमची कर्जं आणि ती कशी फेडली याचा अहवाल) राहते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी उभी ठाकते.

तपासणी ६: पतअहवाल मागवा

सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही संस्थांनी वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. डिसेंबरात एक काढा, पुढच्या तिमाहीत दुसऱ्या संस्थेचा. पैसे मागणारा पर्याय समोर आणतील, तो टाळून पुढे जा.

यात बघायचं काय? गुणांकनाचा आकडा नंतर. आधी खात्यांची यादी. आपण न घेतलेलं कर्ज आहे का? फेडून टाकलेलं कर्ज अजून सुरू दिसतंय का? मित्रासाठी जामीन राहिलात ते कर्ज थकलंय का? मोबाइल ॲपवरून घेतलेलं दोन हजारांचं कर्जही इथे दिसतं. चूक असेल तर तिथूनच हरकत नोंदवा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हरकतीचा क्रमांक लिहून ठेवा, त्याशिवाय काही सिद्ध करता येत नाही.

तपासणी ७: करबचत, खरंच लागते का?

डिसेंबर उजाडला की आमच्या गेटबाहेरच्या टपरीवर विमा एजंट दिसायला लागतात. "मार्चच्या आत टॅक्स वाचवा." मला त्या माणसांचा राग नाही, त्यांचंही पोट आहे. पण ज्याचा कर मुळात शून्य आहे त्याने कर वाचवायला पॉलिसी घ्यायची, हे दर वर्षी होतं.

नवी करप्रणाली आता आपोआप लागू असते. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी तीत पगारदाराचं वर्षाचं १२ लाख ७५ हजारांपर्यंतचं उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर करमुक्त होतं. आणि या प्रणालीत पॉलिसी, पीपीएफ यांची दीड लाखाची वजावट मिळतच नाही. आमच्या बहुतेक कामगारांचा वार्षिक पगार १२ लाखांच्या निम्माही नाही. त्यांना ती वजावट काय कामाची? पगार त्याहून जास्त असेल किंवा घरकर्ज असेल तर दोन्ही प्रणालींचा हिशेब पगार विभागाकडून मांडून घ्या.

पॉलिसी नुकतीच गळ्यात पडली असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. मुदत विमा आणि आरोग्य विमा वेगळी गोष्ट. ते करासाठी नव्हे, माणसासाठी घ्यायचे. वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे.

ज्यांनी मागच्या वर्षाचं आयकर विवरणपत्र भरलंच नाही त्यांच्यासाठी ३१ डिसेंबर ही उशिरा भरायची शेवटची तारीख. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर विलंब शुल्क १,००० रुपयांपर्यंत, त्यावर असेल तर ५,०००. परतावा यायचा असेल तर ही तारीख चुकवू नका. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. नाही केली तर न भरल्यातच जमा. "भरलं, पण परतावा आला नाही" म्हणणाऱ्यांकडे मी पहिल्यांदा हेच विचारते.

तपासणी ८: पैसे ठेवलेत कुठे, आणि नाव कुणाचं

बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे, व्याजासकट. ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी मर्यादा लाखाची होती. पतसंस्थेला हा विमा नाही. पिग्मी एजंट रोज दारात येतो, ओळखीचा असतो, बोर्डावर "सहकारी" लिहिलेलं असतं, म्हणून लोक पतसंस्थेला बँक समजतात. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवू नका, एवढंच म्हणते.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. जुन्या कंपनीचं पगारखातं, वडिलांचं गावचं खातं आठवा. दहा वर्षं पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी मागता येते. शोधायला उद्गम नावाचं पोर्टल आहे.

आता ते शेवटचं लक्षण. एका वहीत खाती, ठेवी, पॉलिसी, कर्जं, कुणाला दिलेले उसने, सगळं लिहा आणि प्रत्येकासमोर वारस नोंद कुणाची ते लिहा. आमच्या एका सहकाऱ्याचा अपघात झाला तेव्हा त्याच्या बायकोला दोन खाती माहीत होती. पाच निघाली, त्यातलं एक कर्जाचं होतं आणि त्याचे तीन हप्ते तोवर थकले होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारणारा. पण तो असला की बँक दार उघडते. पासवर्ड आणि पिन वहीत लिहू नका.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काही असेल तर पासबुकावर खुणा करत बसू नका, माझ्यासारखीला विचारूही नका.

सगळ्या हप्त्यांची बेरीज पगाराच्या निम्म्याहून जास्त आहे आणि एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढता, तर तारखा जुळवून भागणार नाही. थकायच्या आधी बँकेत जाऊन कर्जाची फेररचना लेखी मागा. थकल्यावर गेलं की बोलण्याचा सूर बदलतो.

धनादेश किंवा हप्ता न वटल्याची वकिलाची नोटीस आली, तर वकील गाठा, त्याच आठवड्यात. धनादेशाच्या नोटिशीत पैसे भरायला मिळाल्यापासून १५ दिवस असतात. घर तारण असेल आणि सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस आली तर तेच. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मिळते का विचारा.

कर्जाच्या ॲपवाले फोटो पाठवून धमकावत असतील किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. कॉलची नोंद ठेवा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवस झाले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी लागत नाही.

परवाना नसलेल्या सावकाराने कोरा धनादेश किंवा जमिनीचे कागद ठेवून घेतले असतील, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे. महाराष्ट्रात २०१४ पासून यासाठी वेगळा कायदा आहे.

आयकराची नोटीस आली तर सीए. मोबाइलवर आली असेल तर आधी पोर्टलवर खरी आहे का बघा.

आणि एक. पासबुकात रात्री अकरानंतर दोनशे, पाचशे, पुन्हा पाचशे अशी यूपीआयची रांग दिसली आणि माणूस डोळ्याला डोळा देत नसेल, तर तो पैशांचा बिघाड नसतो. मी तो कागद बंद करते आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक त्याला लिहून देते. मराठीत बोलतात, फुकट आहे. घरच्या एकाला तरी सांग, म्हणते.

दुरुस्ती झाली की नाही, कसं कळेल

पगार ७ चा असेल तर ११ जानेवारीला पासबुक पुन्हा भरा. सगळे गोल पगारानंतर आलेत का, नवीन फुली आहे का, आवर्ती ठेव कापली गेली का, इतकंच बघा. फेब्रुवारीत पुन्हा. तो फिटर आता फेब्रुवारीत पासबुक दाखवायला येतो, फुली नसली तरी. गेल्या वर्षी एक होती, एटीएम कार्डाची वार्षिक फी, २३६ रुपये. कार्ड तो वापरतच नव्हता. बंद करायचा अर्ज तिथेच माझ्या टेबलावर लिहिला.